नक्कल, अस्सल आणि खोट : अथेनेचे मंदिर व तिची नाणी

अमेरिकेच्या टेनेसी राज्याची राजधानी असलेले नॅशव्हिल हे शहर मुख्यतः तेथील कंट्री संगीतासाठी ओळखले जाते. मात्र याच शहरातील सेंटेनियल पार्क या उद्यानात, तळ्याच्या काठी, एक अशी वास्तू उभी आहे की तिच्यासमोर येताच पाहणाऱ्याला आपण अमेरिकेत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. समोर आठ भव्य स्तंभ, दोन्ही बाजूंना सतरा-सतरा स्तंभांच्या रांगा आणि वर त्रिकोणी शिखरभागात कोरलेल्या देवदेवतांच्या मूर्ती. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधील अथेन्स नगरीत उभारलेल्या पार्थेनॉन या जगप्रसिद्ध मंदिराची ही पूर्णाकृती प्रतिकृती होय. मुलांकडे किंवा व्यवसायानिमित्त अमेरिकेत जाणाऱ्या आपल्याकडील अनेक कुटुंबांच्या प्रवासात नॅशव्हिलचे नाव नसते. ज्यांना सोन्याचांदीची, नाण्यांची आणि हिशेबाची पिढीजात ओढ आहे, त्यांनी मात्र ही वास्तू आवर्जून पाहावी. कारण पार्थेनॉन हे केवळ देवालय नव्हते. ते एका संपन्न व्यापारी नगरीचा खजिनाही होते. आणि त्या मंदिराची देवता जिच्यावर विराजमान आहे, ती चांदीची नाणी प्राचीन जगात दूरवर विश्वासाने स्वीकारली जात असत.

प्रदर्शनासाठी उभारले, शहराने जपले

टेनेसी हे १७९६ मध्ये अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले. या घटनेच्या शताब्दीनिमित्त नॅशव्हिलमध्ये एक मोठे प्रदर्शन भरवण्याचे ठरले. तयारीस विलंब झाल्याने ते प्रत्यक्षात १८९७ मध्ये भरले. शिक्षणसंस्थांमुळे या शहरास 'दक्षिणेचे अथेन्स' असे अभिमानाने म्हटले जाई. त्या बिरुदाला साजेसे म्हणून प्रदर्शनातील कलादालनासाठी पार्थेनॉनची प्रतिकृती उभारण्यात आली. वीट, लाकूड आणि प्लास्टर यांची ती तात्पुरती इमारत होती. प्रदर्शन संपल्यावर इतर इमारती यथावकाश पाडण्यात आल्या. पण हे मंदिर पाडण्यास नगरवासीयांचे मन धजेना. ऊनपावसाने प्लास्टर झडू लागले, तरी इमारत कशीबशी उभीच राहिली. अखेर १९२० मध्ये शहराने ती काँक्रीटमध्ये कायमस्वरूपी बांधण्याचे काम हाती घेतले आणि १९३१ मध्ये ती नव्या रूपात लोकांसाठी खुली झाली.

या पुनर्बांधणीत मूळ वास्तूचा अभ्यास बारकाईने केलेला आढळतो. पार्थेनॉनच्या रचनेत सरळ वाटणाऱ्या रेषा प्रत्यक्षात सरळ नाहीत. स्तंभ किंचित आत झुकलेले आहेत आणि मधोमध थोडे फुगीर आहेत. ज्या चौथऱ्यावर ते उभे आहेत तो मध्यभागी हलकेच उंचावलेला आहे. मूळ मंदिराच्या लांब बाजूवर ही उंची सुमारे ११ सेंटीमीटर भरते. माणसाच्या डोळ्याला लांब सरळ रेषा खचल्यासारखी भासते, हे जाणून त्या काळच्या स्थपतींनी हा उपाय योजला असावा, असे मानले जाते. नॅशव्हिलच्या कारागिरांनी हा सूक्ष्म बाक काँक्रीटमध्ये उतरवला. शिखरभागातील मूर्ती घडवताना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मूळ शिल्पांच्या साच्यांचा आधार घेण्यात आला. पूर्वेकडील शिल्पपटात अथेनेचा जन्म दाखवला आहे, तर पश्चिमेकडील शिल्पपटात अथेन्सच्या स्वामित्वासाठी समुद्रदेव पोसायडन आणि अथेना यांच्यात झालेली स्पर्धा. कथा अशी की, पोसायडनने खडकावर त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथेनेने ऑलिव्हचे झाड लावले आणि नगरीने झाड स्वीकारले. अथेन्सच्या निर्यात व्यापारात ऑलिव्ह तेलाचे स्थान पाहिले, तर ही निवड व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाची होती असे म्हणावे लागते.

आतील भव्य मूर्ती मात्र बराच काळ नव्हती. मंदिर होते, देवता नव्हती. ॲलन लिक्वायर या शिल्पकाराकडे १९८२ मध्ये हे काम सोपवण्यात आले आणि १९९० मध्ये सुमारे ४२ फूट उंचीची अथेना प्रकट झाली. मस्तकावर शिरस्त्राण, डाव्या हाताशी ढाल आणि भाला, ढालीच्या आत वेटोळे घातलेला सर्प आणि उजव्या तळहातावर विजयदेवता नायकी. ही विजयदेवतासुद्धा पूर्ण वाढलेल्या माणसापेक्षा उंच आहे. मूळ मूर्ती नष्ट झालेली असल्याने शिल्पकारापुढे दोनच प्रकारची साधने होती : प्राचीन प्रवाशांनी केलेली वर्णने आणि त्या काळी घडवलेल्या लहान प्रतिमा. अथेन्समध्ये १८८० साली सापडलेली सुमारे एक मीटर उंचीची संगमरवरी मूर्ती ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची. म्हणजे नॅशव्हिलची अथेना ही एका प्रतिकृतीवरून पुन्हा उभी केलेली प्रतिकृती आहे.

मूर्ती जिप्सम सिमेंट आणि काचतंतू यांच्या मिश्रणाची आहे. पहिली बारा वर्षे ती पांढरीच होती. २००२ मध्ये तिच्यावर सोन्याचा वर्ख चढवण्यात आला. त्यासाठी लागलेले सोने होते सुमारे चार किलो. सोन्याच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल. एवढ्या प्रचंड मूर्तीला फक्त चार किलो! पण वर्ख तो वर्खच. मूळ मूर्तीचा हिशेब मात्र अगदी निराळा होता.

देवतेच्या अंगावरील राखीव निधी

मूळ पार्थेनॉनचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले. इ.स.पू. ४३८ मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली आणि शिल्पकाम इ.स.पू. ४३२ पर्यंत चालले. नेतृत्व पेरिक्लीजचे, स्थापत्य इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस यांचे, तर मूर्ती फिडियसची. लाकडी सांगाड्यावर हस्तिदंत आणि सोने मढवून ती घडवली होती. थ्युसिडिडीज या इतिहासकाराने तिच्यावरील सोन्याचे वजन ४० टॅलेंट दिले आहे. एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो. म्हणजेच एक टनाहून किंचित अधिक. तोळ्यांत सांगायचे तर सुमारे ८९ हजार तोळे!

हे सोने केवळ शोभेसाठी नव्हते. ते पत्र्यांच्या रूपात असून काढता-घालता येईल अशा रीतीने बसवलेले होते. स्पार्टाविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा पेरिक्लीजने नागरिकांना सांगितले की, अगदीच निकड पडली तर देवतेच्या अंगावरील सोनेही वापरता येईल, मात्र ते नंतर पूर्णपणे परत केले पाहिजे. आजच्या भाषेत हा राखीव निधीच होय. या रचनेचा आणखी एक लाभ झाल्याचे प्लुटार्क सांगतो. फिडियसने सोन्यात अफरातफर केल्याचा आरोप झाला तेव्हा पेरिक्लीजने आरोप करणाऱ्यांना सरळ सुचवले की, सोने उतरवा आणि वजन करून पाहा. चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही. तोंडी ग्वाहीपेक्षा तराजू श्रेष्ठ, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

पार्थेनॉनच्या टेकडीवर केवळ हेच सोने नव्हते. इराणच्या साम्राज्यापासून संरक्षण व्हावे म्हणून ग्रीक नगरांनी एक संघ स्थापन केला होता. त्याचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवण्यात आला. सदस्य नगरांनी दिलेल्या वर्गणीचा साठावा भाग अथेनेला अर्पण केला जाई आणि त्याची नोंद नगरानुसार संगमरवरी शिळेवर कोरली जाई. देवतेच्या खजिनदारांना दरवर्षी सोन्यारुप्याच्या वस्तूंची वजनासह यादी करून ती पुढील वर्षाच्या खजिनदारांच्या स्वाधीन करावी लागे. अशा याद्यांचे शिलालेख आजही उपलब्ध आहेत. ज्यांनी दिवाळीत वहीपूजन करून जुनी शिल्लक नव्या खतावणीत ओढली आहे, त्यांना या शिळांतील शिस्त परकी वाटणार नाही.

सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे, युद्धखर्चासाठी राज्याने देवतेकडून घेतलेले द्रव्य 'कर्ज' म्हणून नोंदवले जाई आणि त्यावर व्याज आकारले जाई. हिशेबनिसांनी कोरलेल्या एका शिलालेखावरून हा दर वर्षाला सुमारे १.२ टक्के पडत होता असे दिसते. दर नाममात्र असला तरी नोंद चोख होती. सत्ताधाऱ्यांनीही खजिना आपला मानू नये, तो दुसऱ्याची ठेव मानावी, हा त्यामागील संकेत मोलाचा आहे.

अर्थात संकेत पुरेसा ठरत नाही. युद्ध लांबले आणि खजिना रिता होत गेला. पुढे इ.स.पू. ३०० च्या सुमारास लॅकॅरीझ नावाच्या हुकूमशहाने अथेनेच्या अंगावरील सोने उतरवून घेतले. ठेव कितीही पवित्र असो, राखणदाराची नियत ढळली की कुलूप निरुपयोगी ठरते.

एका बाजूस देवी, दुसऱ्या बाजूस घुबड

मूर्ती नाहीशी झाली. मंदिराचेही हाल झाले. त्याचे चर्च झाले, मग मशीद झाली. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने केलेल्या माऱ्यात आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन ते मधोमध उद्ध्वस्त झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिन याने उरलेल्या शिल्पांपैकी मोठा भाग इंग्लंडला नेला. त्या शिल्पांच्या परतीचा वाद आजही मिटलेला नाही. परंतु अथेनेची एक प्रतिमा मात्र विपुल प्रमाणात टिकली आणि ती सामान्य माणसाच्या तळहातावर मावते. ती म्हणजे अथेन्सचे चांदीचे नाणे.

'टेट्राड्राख्म' म्हणजे चार द्राख्मांचे नाणे. वजन सुमारे १७.२ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड तोळा. पुढील बाजूस उजवीकडे पाहणारे अथेनेचे मुख, तुरा असलेले शिरस्त्राण आणि त्यावर ऑलिव्हची पाने. मागील बाजूस मोठ्या डोळ्यांचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, लहानशी चंद्रकोर आणि नगरीच्या नावाची पहिली तीन ग्रीक अक्षरे. या घुबडामुळे लोक नाण्यालाच 'घुबड' म्हणू लागले. अथेन्समध्ये ही नाणी इतकी विपुल होती की निरर्थक उद्योगाला 'अथेन्सला घुबडे नेणे' असे म्हणण्याचा प्रघात पडला.

आपल्याकडे घुबडाचे दर्शन अशुभ मानणारे बरेच आहेत. अथेन्समध्ये मात्र ते बुद्धीच्या देवतेचे पक्षी म्हणून पूज्य होते. नाण्यावरील घुबड हे लहान चणीच्या जातीचे असून तिचे शास्त्रीय नाव अथेनेवरूनच पडले आहे. आपल्या गावाशिवारात संध्याकाळी दिसणारा पिंगळा हा याच 'अथेने' कुळातील पक्षी. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळाही याच कुळातला मानला जातो. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याच्या परिसरात तो पुन्हा आढळला. म्हणजे त्या ग्रीक नाण्यावरील पक्ष्याचे भाऊबंद सातपुड्यातही आहेत.

एका टेट्राड्राख्मची किंमत काय होती? सहा ओबोलचा एक द्राख्मा, शंभर द्राख्मांची एक मिना आणि साठ मिनांचा एक टॅलेंट, असे कोष्टक होते. पार्थेनॉनशेजारील एरेक्थिऑन या मंदिराच्या बांधकामाचे जे हिशेब सापडले आहेत, त्यांत कुशल कारागिराची रोजची मजुरी एक द्राख्मा दिसते. म्हणजे एक 'घुबड' ही चार दिवसांची कमाई होती.

ही चांदी अथेन्सच्या दक्षिणेस असलेल्या लॉरियनच्या खाणींतून येई. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा सापडला. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा वाटून द्याव्यात असा विचार पुढे आला. पण थेमिस्टोक्लीजने ते द्रव्य युद्धनौकांसाठी वापरण्यास लोकांना राजी केले. तीनच वर्षांनी सॅलमिसच्या समुद्रात त्याच आरमाराने इराणी ताफ्याचा पराभव केला. आलेला नफा वाटून न खाता भांडवलात घातल्याचे हे इतिहासातील ठळक उदाहरण होय. मात्र या चांदीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या अंधाऱ्या खाणींत राबणारे हात गुलामांचे होते. युद्धकाळात इ.स.पू. ४१३ नंतर अथेन्सच्या प्रदेशातून वीस हजारांहून अधिक गुलाम शत्रूकडे पळून गेल्याचे थ्युसिडिडीज लिहितो. खाणींचे उत्पादन घटले, टाकसाळीत चांदी येईनाशी झाली आणि नगरीवर मोठा प्रसंग ओढवला.

टाकसाळीनेच खोटे नाणे पाडले तेव्हा

इ.स.पू. ४०७-४०६ मध्ये अथेन्सने टेकडीवरील विजयदेवतेच्या सुवर्णमूर्ती वितळवून सोन्याची नाणी पाडली. त्याहून नामुष्कीची गोष्ट म्हणजे, त्यानंतर राज्याने तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी चलनात आणली. सच्ची चांदी लोकांनी घरात दडवली आणि बाजारात मुलामाच फिरू लागला. ॲरिस्टोफेनीस या नाटककाराने इ.स.पू. ४०५ मधील 'बेडूक' या नाटकात याच प्रकारावर टीका केली आहे. नगरीने जशी खरी नाणी बाजूला सारून खोटी पत्करली, तशीच सज्जन माणसे बाजूला सारून हलकी माणसे पुढे आणली, असा त्याचा रोख आहे. वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकावतो, हा अर्थशास्त्रातील नियम ग्रेशमच्या नावाने ओळखला जातो. त्याचा प्रत्यय अथेन्सच्या प्रेक्षकांनी दोन हजार वर्षे आधी घेतला होता.

या अनुभवातून नगरीने धडा घेतलेला दिसतो. १९७० मध्ये अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात एक शिलालेख सापडला. त्यात इ.स.पू. ३७५-३७४ मधील चलनविषयक कायदा कोरलेला आहे. त्यानुसार बाजारात सराफांच्या मेजांजवळ एक सरकारी नाणेपरीक्षक बसे आणि बंदरावरील व्यापाऱ्यांसाठी आणखी एक नेमला जाई. नाणे खरे ठरले तर ते नाकारण्याचा अधिकार कोणाही विक्रेत्याला नव्हता. नाकारल्यास त्याचा त्या दिवशीचा माल जप्त होई. नाणे आतून तांब्याचे किंवा शिशाचे निघाले तर परीक्षक ते तिथल्या तिथे कापून टाकी आणि ते देवस्थानात जमा होई. परीक्षकाने कामात कसूर केल्यास त्याला पन्नास फटक्यांची शिक्षा होती. विशेष म्हणजे हा परीक्षक स्वतः सरकारी गुलाम असे. नगरीच्या पतीची राखण अशा माणसाच्या नजरेवर सोपवलेली होती.

सराफ ज्या मेजामागे बसत त्याला ग्रीकमध्ये 'ट्रापेझा' म्हणत. आजही ग्रीक भाषेत बँकेला हाच शब्द आहे. या पेशातील पॅसिऑन याचे चरित्र उद्बोधक आहे. तो एका पेढीवर गुलाम म्हणून कामाला होता. सचोटी आणि हिशेबी वृत्ती यांच्या बळावर तो मुक्त झाला, पेढीचा मालक झाला आणि पुढे अथेन्सचा नागरिकही झाला. त्या नगरीत परक्याला नागरिकत्व मिळणे किती दुर्मीळ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

द्राख्मापासून दामापर्यंत

या साऱ्याचा भारताशी काही संबंध आहे काय? आहे, आणि तो आपल्या जिभेवर रोज असतो. 'द्राख्मा' या शब्दावरून संस्कृतात 'द्रम्म' आला आणि त्यावरून 'दाम'. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे उल्लेख आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सोळा पणांचा एक द्रम्म हे कोष्टक आहे.

अथेना स्वतःही नाण्यांवरून भारतात आली. इ.स.पू. दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या मिनँडर ऊर्फ मिलिंद राजाच्या चांदीच्या नाण्यांवर वज्र उगारलेली अथेना आहे. एका बाजूस ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर. त्याची जुनी नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होती, असे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. त्याच परिसरावर आणि नाशिकपर्यंत सत्ता गाजवणाऱ्या नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरे दिसतात. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता.

नाणेपरीक्षेची परंपरा आपल्याकडेही थोर आहे. दिल्लीच्या टाकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या राज्यांच्या नाण्यांत सोने, चांदी आणि तांबे किती, याची तपशीलवार नोंद आहे. अथेन्सच्या बाजारातील त्या अनामिक परीक्षकाचे काम फेरूने ग्रंथरूपाने केले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. पुढे सराफांनी पारखलेल्या रुपयांवर आपापल्या खुणेचे ठसे मारण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या घरांतील रुपयांवर असे ठसे आजही दिसतात.

संग्राहकाने काय पाहावे

प्राचीन ग्रीक नाणी जमवण्याचा छंद असणाऱ्यांमध्ये 'घुबडा'ला अढळ स्थान आहे. नवख्या संग्राहकास काही गोष्टी प्रथम चकित करतात. नाणे वाटोळे नसते. ऐरणीवरील ठशावर चांदीची गोळी ठेवून वरून हातोडा मारला जाई. त्यामुळे कधी शिरस्त्राणाचा तुरा काठाबाहेर जातो, कधी अक्षर कापले जाते. दुसरे म्हणजे, फिडियसने इतकी नितळ शिल्पे घडवली त्याच काळात नाण्यावरील अथेना मात्र जुन्याच वळणाची, बदामी डोळ्यांची राहिली. परदेशी व्यापाऱ्याला जो चेहरा ओळखीचा आहे तो बदलला तर तो नाणे घेताना कचरेल, हे त्यामागील कारण असावे. मंदिरातील प्रत्यक्ष मूर्तीचे शिरस्त्राण नाण्यावर पाहायचे असेल तर इ.स.पू. दुसऱ्या शतकातील नव्या धाटणीची नाणी पाहावीत. त्यांवर फिडियसच्या अथेनेची छाया स्पष्ट आहे आणि मागील बाजूस घुबड तेलाच्या रांजणावर बसलेले आहे.

अनेक नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव असतो. इजिप्त आणि पश्चिम आशियातील व्यापाऱ्यांनी आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी तो घातलेला असतो. बाजारात अशा नाण्याची किंमत उतरते. तथापि ज्याला व्यापाराच्या इतिहासात रस आहे, त्याच्या दृष्टीने तो घाव म्हणजे एका परक्या सराफाने दिलेली पावतीच आहे. नाणे कसोटीला उतरले, म्हणून तर ते वितळले न जाता आपल्यापर्यंत आले.

जुने नाणे चिंच, लिंबू किंवा पावडर लावून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. शतकांनी चढलेला काळसर थर हीच त्याची ओळख असते; ती घासून काढली की वस्तूचे मोल जाते. वजन करावे, कडेवर ओतकामाची रेघ आहे का पाहावे, हमी देणाऱ्या जाणकार विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. याहूनही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, नाणे आले कोठून? १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ सुमारे १,९०० प्राचीन नाण्यांचा साठा सापडला. त्यात अथेन्सची अत्यंत दुर्मीळ अशी दहा द्राख्मांची नाणीही होती. हा साठा चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेला आणि त्याचा मोठा भाग अमेरिकेतील श्रीमंत खरेदीदारांकडे पोहोचला. प्रदीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९९ मध्ये सोळाशेहून अधिक नाणी तुर्कस्तानला परत करावी लागली. पैसे मोजून घेतलेली वस्तूही आपली ठरेलच असे नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० मध्ये झाला. म्हणून त्यापूर्वीच्या संग्रहातील लेखी नोंद असलेले नाणे संग्राहक अधिक पसंत करतात.

भारतातही शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार 'पुरावस्तू' ठरते. ते बाळगता येते. पण खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि व्यापारासाठी परवाना लागतो. जमिनीत सापडलेला साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांना खरेदीच्या वाटेला जायचे नाही, त्यांच्यासाठी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आणि नाशिकजवळील अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था ही उत्तम ठिकाणे आहेत. मुलांना सुटीत तेथे अवश्य न्यावे.

खरी प्रतिकृती आणि खोटे नाणे

अखेरीस नॅशव्हिलच्या मंदिराकडे परत येऊ. ते संगमरवराचे नाही, काँक्रीटचे आहे. मूर्तीवर एक टन सोने नाही, चार किलोचा वर्ख आहे. तरीही ते मंदिर कोणालाही फसवत नाही. आपण नक्कल आहोत हे ते उघड सांगते आणि त्याचमुळे ते पाहणाऱ्याला अस्सलापर्यंत नेते. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर 'कॉपी' असा शब्द उमटवावा लागतो. असा शब्द असलेले चार पैशांचे 'घुबड' मुलाच्या हाती देण्यात काहीच कमीपणा नाही. उलट इ.स.पू. ४०६ मधील ते मुलामा दिलेले नाणे खुद्द अथेन्सच्या टाकसाळीतून, खऱ्या ठशांनी, सरकारी हुकमाने पडले होते. तरीही ते खोटेच होते. कारण त्यावरील देवी जे वचन देत होती, ते आतले तांबे पाळू शकत नव्हते.

नक्कल आणि खोट यांतील अंतर हे असे आहे. पेढीवर बसणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही. नाणे दगडावर वाजवून घेण्याची सवय त्याच्या बोटांतच असते. नॅशव्हिलच्या त्या प्रचंड मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मान उंचावून जेवढे पाहावे, तेवढेच नंतर मान खाली घालून तळहातावरील लहानशा चांदीच्या तुकड्याकडेही पाहावे. अथेन्सची सत्ता गेली, सोने गेले, मूर्ती गेली. टिकले ते खऱ्या वजनाचे नाणे, आणि त्याच्यावरचा छिन्नीचा घाव.